बारावीचे रसायनशास्त्र : पाठ्यपुस्तक, लॉगचे पुस्तक आणि काही मोफत साधने

मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून काम करतो. धाकट्या भावाची मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून विज्ञान शाखेला गेली, तेव्हा तिच्या रसायनशास्त्राची जबाबदारी घरातल्या सर्वांनी एकमताने माझ्यावर टाकली. गळीत हंगामातल्या रात्रपाळ्या सोडल्या, तर पुढची दोन वर्षे आम्ही दोघे जवळजवळ रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुस्तक उघडून बसलो. त्या काळात जी साधने विकत घेतली, जी फुकट मिळाली आणि जी रद्दीत गेली, त्यांच्याविषयीचा हा अभिप्राय आहे. तो मुख्यतः महाराष्ट्र राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यातही मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी लिहिला आहे, कारण त्यांची अडचण इतरांपेक्षा वेगळी असते आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही.

आमचे मुख्य साधन बालभारतीचे बारावीचे रसायनशास्त्राचे पाठ्यपुस्तक होते. सध्याचा अभ्यासक्रम अकरावीला २०१९ साली आणि बारावीला २०२० साली आला. बारावीच्या पुस्तकात एकूण सोळा प्रकरणे आहेत : पहिली सहा भौतिक रसायनशास्त्राची, नंतरची तीन असेंद्रिय, दहाव्यापासून चौदाव्यापर्यंत सेंद्रिय आणि जैवरेणू, शेवटी बहुवारिके (पॉलिमर) आणि हरित व अब्जांश (नॅनो) रसायनशास्त्र. संपूर्ण पुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळते. तरीही छापील प्रत घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. हे पुस्तक वाचण्यापेक्षा सोडवण्यासाठी आहे, आणि समासात पेन्सिल चालवल्याशिवाय ते हाती लागत नाही.

पुस्तकाची मांडणी नेटकी आहे. प्रकरणाच्या सुरुवातीला मागच्या इयत्तांतले काय आठवते हे विचारणारी चौकट येते, मधूनमधून ‘करून पाहा’ आणि ‘डोके चालवा’ या धर्तीच्या इंग्रजी चौकटी येतात, आणि प्रत्येक सूत्रानंतर एखाद-दुसरे सोडवलेले उदाहरण असते. बहुतेक विद्यार्थी या चौकटी ओलांडून पुढे जातात, कारण त्यांची उत्तरे तिथे छापलेली नसतात. माझ्या पुतणीनेही पहिले दोन महिने तेच केले. नंतर आम्ही असा नियम केला की चौकटीतल्या प्रश्नाचे उत्तर वहीत किमान दोन ओळी लिहिल्याशिवाय पान उलटायचे नाही. त्यामुळे गती निम्म्यावर आली, पण पुढे एका गुणाच्या आणि दोन गुणांच्या प्रश्नांना तिला वेगळी तयारी करावी लागली नाही. पुस्तकाची मर्यादा सांगायची, तर विवेचन आटोपशीर आहे. व्याख्या, सूत्र, उदाहरण या क्रमाने ते झपझप पुढे जाते, आणि ‘हे असे का’ याला दिलेली जागा कित्येकदा अपुरी वाटते. ती जागा शिक्षकाने भरावी, अशी पुस्तकाची अपेक्षा दिसते. शिक्षक चांगला मिळाला तर प्रश्न नाही; नाही मिळाला तर खालची साधने उपयोगी पडतात.

मात्र त्याआधी भाषेविषयी लिहिणे भाग आहे. दहावीपर्यंत द्राव्य, द्रावक, क्षपण, उत्प्रेरक, संयुजा असे शब्द वापरणारी मुलगी जूनमध्ये अकरावीच्या वर्गात बसते आणि एका तासात सोल्यूट, सॉल्व्हंट, रिडक्शन, कॅटॅलिस्ट, व्हॅलन्सी हे सगळे तिच्या अंगावर येते. संकल्पना तिला ठाऊक असतात, पण त्या ठाऊक आहेत हेच तिला कळत नाही. आम्ही दोनशे पानी वही घेऊन तिच्या प्रत्येक पानावर तीन रकाने आखले : इंग्रजी शब्द देवनागरीत, दहावीतला मराठी शब्द, आणि तिच्या स्वतःच्या शब्दांत एका ओळीचा अर्थ. पहिल्या सत्रात या वहीत दोनशेच्या आसपास शब्द जमले. बाजारात असे तयार कोश मिळतात, तरी स्वतः लिहिलेला रकाना वेगळाच असतो, असा माझा अनुभव आहे.

या वहीतून निघालेले प्रश्न पुस्तकातल्या कोणत्याही स्वाध्यायापेक्षा चांगले होते. एकदा तिने विचारले, “काका, इलेक्ट्रॉन मिळाले तर त्याला रिडक्शन का म्हणायचे? काहीतरी वाढलेच ना?” प्रश्न रास्त होता, कारण आपला ‘क्षपण’ हा शब्दही झीज, घट असेच सुचवतो. उत्तर असे की इलेक्ट्रॉन ऋणभारित असल्यामुळे तो मिळाला की ऑक्सिडीकरण अंक खाली येतो. शिवाय हा शब्द इलेक्ट्रॉनचा शोध लागण्याच्या फार आधीचा आहे, धातुकातून धातू काढताना वजन घटते त्या निरीक्षणातून तो आला. दुसरा फसवा शब्द ‘स्पॉन्टेनियस’, म्हणजे आपोआप होणारी. ऊष्मागतिकीच्या प्रकरणात हा शब्द वाचून मुलांना वाटते की अशी अभिक्रिया झटकन होते. वास्तविक त्याचा वेगाशी संबंध नाही. सामान्य तापमानाला व दाबाला हिऱ्याचे ग्रॅफाइट होणे ‘स्पॉन्टेनियस’ आहे, पण आजीच्या कुड्यांना त्यापासून काही धोका नाही. वेगाचा विचार सहाव्या प्रकरणात, रासायनिक गतिशास्त्रात येतो. ही दोन प्रकरणे एकमेकांत मिसळू नयेत, एवढे जरी पहिल्या महिन्यात पक्के झाले तरी पुष्कळ झाले.

आता लॉगच्या, म्हणजे लॉगरिदमच्या कोष्टकांच्या, पुस्तकाविषयी. दोन वर्षांत आम्ही घेतलेल्या सगळ्या वस्तूंत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी हीच ठरली. राज्य मंडळाच्या रसायनशास्त्राच्या लेखी परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही. लॉगची कोष्टके वापरायला परवानगी असते. तरीही अनेक मुले वर्षभर मोबाइलवर आकडेमोड करतात आणि प्रिलिमच्या आठवड्यात पहिल्यांदा लॉगचे पुस्तक उघडतात. तेव्हा रसायनशास्त्र येत असूनही उत्तर चुकते.

एक उदाहरण सविस्तर देतो. प्रथम श्रेणीची (जिचा वेग उरलेल्या पदार्थाच्या प्रमाणात असतो अशी) एक अभिक्रिया ४० मिनिटांत ६० टक्के पूर्ण झाली, तर तिचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मा पदार्थ संपायला लागणारा वेळ, किती? सुरुवातीची संहती (द्रावणातले पदार्थाचे प्रमाण) १०० धरली तर ४० उरले, म्हणजे गुणोत्तर २.५ आणि त्याचा लॉग ०.३९७९. वेगस्थिरांक काढण्यासाठी २.३०३ ला ०.३९७९ ने गुणून ४० ने भागायचे. आता कोष्टकात २.३०३ चा लॉग ०.३६२३ मिळतो. ०.३९७९ चा लॉग घेताना मात्र गाडी अडते, कारण ही संख्या एकपेक्षा लहान आहे. तिचा लॉग ‘बार एक, दशांश ५९९८’ असा लिहावा लागतो, म्हणजे पूर्णांक ऋण आणि अपूर्णांक धन. दोन्हींची बेरीज बार एक दशांश ९६२१. त्यातून ४० चा लॉग, म्हणजे १.६०२१, वजा केला की बार दोन दशांश ३६०० उरते. त्याचा अँटिलॉग ०.०२२९१, हा प्रतिमिनिट वेगस्थिरांक. ०.६९३ ला त्याने भागले की अर्धायुकाल सुमारे ३०.२५ मिनिटे येतो. माझ्या पुतणीची चूक नेहमी त्या ‘बार’पाशी व्हायची, ती संपूर्ण संख्याच ऋण समजून बेरीज करायची. आम्ही तीन आठवडे रोज फक्त पाच बेरजा-वजाबाक्या ‘बार’च्या केल्या, रसायनशास्त्राचा एक शब्दही न उच्चारता, आणि मग ती चूक गेली. दुसरी सवय लावली ती उत्तराकडे एकदा शहाण्या माणसासारखे पाहण्याची : ६० टक्के व्हायला ४० मिनिटे लागली, तर ५० टक्के व्हायला त्याहून कमीच लागणार. उत्तर ५५ मिनिटे आले तर ते कुठेतरी बिघडले आहे, हे पडताळून पाहण्याआधीच कळायला हवे.

गतिशास्त्राच्या याच प्रकरणात छद्म-प्रथम श्रेणीच्या (पाणी भरपूर असल्यामुळे प्रथम श्रेणीसारख्या वागणाऱ्या) अभिक्रियांचे उदाहरण म्हणून साखरेचे जलविघटन थोडक्यात येते. पुस्तकाकडून इथे थोडा अधिक विस्तार मला हवा होता, अर्थात त्यात माझ्या धंद्याचा पक्षपात आहे. अभिक्रियेच्या वेगाचे पहिले व्यवस्थित मोजमाप १८५० साली विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने केले ते साखरेवरच. सुक्रोजचे द्रावण ध्रुवित प्रकाश उजवीकडे वळवते. त्याचे विशिष्ट परिवलन, म्हणजे प्रकाश वळवण्याचे प्रमाणित माप, अधिक ६६.५ अंश असते. आम्लाच्या सान्निध्यात त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते. ग्लुकोज अधिक ५२.७ अंश, पण फ्रुक्टोज उणे ९२.४ अंश, म्हणून मिश्रण एकूण डावीकडे वळवते. बिगरहंगामात मी वरिष्ठांच्या परवानगीने पुतणीला प्रयोगशाळेत नेले, साखरेच्या द्रावणात थोडे हायड्रोक्लोरिक आम्ल घालून ते कोमट केले आणि पोलरिमीटरमध्ये, म्हणजे प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या यंत्रात, ठरावीक वेळाने वाचन घ्यायला लावले. आकडा हळूहळू उतरत शून्यावर आला आणि शून्य ओलांडून पलीकडे गेला, तेव्हा ती दुर्बिणीतून डोळा काढायला तयार नव्हती. ‘इन्व्हर्शन’ हा शब्द त्या दिवशी तिच्या वहीत गेला. कारखान्यात आम्हाला हेच इन्व्हर्शन टाळायचे असते. उसाचा रस मुळात आम्लधर्मी, पीएच सव्वापाच-साडेपाचच्या आसपास, आणि तो तसाच तापवला तर साखर फुटते, म्हणून चुना घालतात. चौदाव्या प्रकरणातले जैवरेणू, तिसऱ्यातला पीएच आणि सहाव्यातला वेग ही तिन्ही एकाच भांड्यात असतात, हे पुस्तक वाचून तिला समजले नव्हते. प्रत्येकाच्या घरी पोलरिमीटर नसतो हे खरे; पण पॉट आइस्क्रीमच्या बर्फात खडे मीठ का घालतात, हा दुसऱ्या प्रकरणातला गोठणबिंदूचा धडा कोणालाही घरी करून पाहता येतो.

व्हिडिओंविषयी एक व्यावहारिक सूचना आहे, जी मला कोणी आधी सांगितली असती तर आमचा बराच वेळ वाचला असता. समाजमाध्यमांवरची बहुतेक हिंदी आणि इंग्रजी व्याख्याने एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेच्या पुस्तकावर बेतलेली असतात, आणि त्या पुस्तकाची विभागणी आपल्यापेक्षा वेगळी आहे. आयनिक समतोल आणि ऊष्मागतिकी ही आपल्याकडे बारावीत येतात. एनसीईआरटीमध्ये ती अकरावीत आहेत. तेव्हा ती ‘इयत्ता बारावी’ असे टाकून शोधू नयेत, अकरावीत शोधावीत. दुसरे असे की एनसीईआरटीने २०२२-२३ च्या सुमारास बारावीचा अभ्यासक्रम कमी केला. त्यात स्थायू अवस्था, पी-खंडाची मूलद्रव्ये आणि बहुवारिके ही प्रकरणे गेली आणि पुस्तक दहा प्रकरणांवर आले. आपल्याकडे स्थायू अवस्था हे पहिलेच प्रकरण आहे, आणि गट १६, १७ व १८ सातव्या प्रकरणात आहेत. त्यामुळे या विषयांसाठी जुनी, कपातीच्या आधीची व्याख्याने पाहावीत. एनसीईआरटीचे पुस्तकही मोफत उतरवून घेता येते. समन्वय संयुगे आणि अमाइन्स या प्रकरणांसाठी ते जोडीला ठेवावे. तिथली समजावून सांगण्याची पद्धत मला अधिक निवांत वाटली. पण दोन्ही पुस्तके पहिल्या पानापासून शेवटपर्यंत समांतर वाचण्याचा उत्साह दाखवू नये. आम्ही तो दाखवला आणि दिवाळीपर्यंत तीन प्रकरणांच्या पुढे सरकलो नाही.

परदेशी मोफत साधनांपैकी फेट हे संकेतस्थळ मी मनापासून सुचवीन. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा हा प्रकल्प २००२ साली कार्ल वीमन यांनी सुरू केला. त्यांना त्याच्या आदल्या वर्षी भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले होते. यावरची काही सिम्युलेशन्स मराठीतूनही उपलब्ध आहेत. रेणूंचे आकार दाखवणारे सिम्युलेशन आणि आम्ल-आम्लारी द्रावणांचे सिम्युलेशन ही दोन आम्ही पुन्हा पुन्हा वापरली. दुसऱ्यात तीव्र आणि सौम्य आम्ल एकाच संहतीचे घेऊन भिंगातून रेणू पाहता येतात : तीव्र आम्लाचे सगळे फुटलेले, सौम्य आम्लाचे मोजकेच. ‘स्ट्राँग’ आणि ‘कॉन्सन्ट्रेटेड’ हे एक नव्हे, हे शब्दांत सांगून जे उतरत नाही ते इथे दोन मिनिटांत उतरते. बाकी सिम्युलेशन्स अकरावीच्या सुरुवातीला ठीक आहेत. बारावीत त्यांच्यावर वेळ घालवण्याचे कारण नाही. खान अकॅडमीची इंग्रजी व्याख्याने स्पष्ट आहेत, परंतु अभ्यासक्रम अमेरिकी असल्यामुळे नेमके काय पाहायचे हे सांगणारा कोणीतरी सोबत लागतो.

प्रात्यक्षिकांसाठी ओलॅब्सचा उपयोग झाला. अमृता विश्व विद्यापीठम् आणि मुंबईचे सी-डॅक यांनी मिळून तयार केलेली ही आभासी प्रयोगशाळा नववी ते बारावीसाठी आहे. ती खऱ्या प्रयोगशाळेची जागा घेत नाही, आणि घेऊ नये. पण पोटॅशियम परमँगनेटचे अनुमापन (टायट्रेशन) करायला जाण्याच्या आदल्या रात्री एकदा पडद्यावर ते करून गेले, तर दुसऱ्या दिवशी हात थरथरत नाहीत. ज्युनिअर कॉलेजात एका ब्युरेटभोवती (खुणांच्या, तोटी असलेल्या काचनळीभोवती) चार-चार विद्यार्थी उभे असतात, त्यातल्या एकाच्याच हातात कॉक येतो आणि उरलेले तिघे जर्नलमध्ये त्याचे वाचन उतरवून घेतात, ही परिस्थिती ज्यांनी पाहिली आहे त्यांना या सरावाचे मोल कळेल. दोन गोष्टी मात्र पडदा शिकवत नाही. परमँगनेटचे द्रावण इतके गडद असते की तळाचा वक्र दिसत नाही, म्हणून वाचन वरच्या पातळीवरून घ्यायचे. आणि ऑक्झॅलिक आम्ल साठ-सत्तर अंशांपर्यंत गरम करून घेतले नाही, तर सुरुवातीचे थेंब रंग सोडायला इतका वेळ लावतात की मुलांना अंतिम बिंदू आल्याचा भास होतो. तीन वाचने जुळली की सी. बी. आर., म्हणजे ब्युरेटचे स्थिर वाचन, लिहायचा, ती जुळवून लिहायची नाहीत. प्रात्यक्षिकांना ३० गुण असतात आणि लेखी परीक्षेला ७०, तेव्हा जर्नल वेळेवर तपासून सही घेणे ही सोपी गोष्ट ज्यांनी शेवटच्या आठवड्यावर ढकलली, त्यांची धावपळ दरवर्षी दिसते.

गाइडविषयी मी थोडे कडक लिहिणार आहे. अकरावीच्या सुरुवातीला मैत्रिणींकडे होते म्हणून आम्हीही एक जाडजूड गाइड घेतले. दुसऱ्याच महिन्यात द्रावणांच्या प्रकरणाची पुढची तयारी म्हणून पुतणीने त्यातले एक उदाहरण सोडवायला घेतले आणि तासभर तिचे उत्तर काही जुळेना. प्रत्येक वेळी ते साडेतीन पटींनी चुकत होते. शेवटी ती रडकुंडीला येऊन माझ्याकडे आली. पाहिले तर उत्कलनबिंदूच्या वाढीच्या गणितात पाण्याचा स्थिरांक ०.५२ ऐवजी १.८६ छापला होता, जो गोठणबिंदूचा आहे. छपाईची चूक कोणाकडूनही होते. माझी तक्रार निराळीच आहे. गाइडमधल्या उत्तरावर मुलांचा विश्वास इतका गाढ असतो की स्वतःचे बरोबर उत्तर खोडून ती छापील चुकीच्या उत्तरापर्यंत पोहोचण्याची वाट शोधतात. आमचे गाइड त्या दिवसानंतर फक्त जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पानांसाठी उघडले गेले, आणि त्या प्रश्नपत्रिका मंडळाच्या संकेतस्थळावरून किंवा कॉलेजच्या ग्रंथालयातूनही मिळतात. तालुक्याच्या एका क्लासलाही आम्ही तीन महिने जाऊन पाहिले. तिथे ‘अपेक्षित प्रश्न’ पाठ करून घेत, आणि अपेक्षित नसलेल्या प्रश्नाला ‘हे येत नाही’ असे उत्तर मिळे. त्यापेक्षा घरचे टेबल बरे.

समन्वय संयुगांच्या नावांबाबत एक बारीक सूचना, कारण इथे गुण अक्षरशः एका अक्षराने जातात. लिगंड म्हणून, म्हणजे मधल्या धातूशी, जोडलेल्या अमोनियाचे इंग्रजी स्पेलिंग दोन ‘एम’ घालून करतात. सेंद्रिय अमाइनच्या स्पेलिंगमध्ये एकच ‘एम’ असतो. मराठीत लिहिताना हा फरक दिसतच नाही, म्हणून आमच्या तीन रकान्यांच्या वहीने इथे दगा दिला आणि तिथे रोमन स्पेलिंग वेगळे लिहून लाल शाईने अधोरेखित करावे लागले. तसेच जुन्या गाइडांत ‘क्लोरो’ असे उपपद आढळते. रसायनांची नावे ठरवणाऱ्या आयुपॅक या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २००५ च्या शिफारशींप्रमाणे ऋण लिगंडसाठी ‘क्लोरिडो’ लिहितात. आपल्या पाठ्यपुस्तकात जे रूप असेल तेच सातत्याने वापरावे, दोन्हींची खिचडी करू नये.

सेंद्रिय रसायनशास्त्राला मात्र कोणतेही तयार साधन आम्हाला पुरले नाही. सँडमायर, विल्यमसन, रायमर-टीमन, कॅनिझारो, रोझेनमुंड, क्लेमेन्सन, गॅब्रिएल, हॉफमन अशी नावे पुस्तकात ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने पाठ केली, तर बाराव्या प्रकरणापर्यंत पोहोचता पोहोचता दहावे पुसले जाते. आम्ही भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरची मोठी पाठकोरी पाने एकमेकांना चिकटवली आणि त्यावर एकच नकाशा काढला : मध्यभागी अल्कोहोल, एका बाजूला हॅलाइड, दुसऱ्या बाजूला आल्डिहाइड व आम्ल, खाली नायट्राइल आणि अमाइन, कोपऱ्यात डायझोनियम क्षार. प्रत्येक बाणावर अभिकारकाचे नाव, आणि ज्या बाणाचे कारण माहीत आहे तिथे दोन शब्दांत कारण. उदाहरणार्थ, रोझेनमुंडच्या बाणावर तिने लिहिले होते, ‘बेरियम सल्फेट पॅलेडियमला आळशी करते’. ॲसिड क्लोराइडचे हायड्रोजनने क्षपण करताना उत्प्रेरक पूर्ण ताकदीचा असेल तर अभिक्रिया आल्डिहाइडपाशी न थांबता अल्कोहोलपर्यंत जाते, म्हणून त्याची क्रियाशीलता मुद्दाम कमी करतात. तिचे वाक्य शास्त्रीय नव्हते, पण ते ती विसरली नाही. हा कागद फ्रिजशेजारी सहा महिने लटकत होता. परीक्षेत ‘रूपांतर करा’ हा प्रश्न आला की त्या नकाशावरून बोट फिरवल्यासारखे उत्तर लिहिता येते.

मराठीतून अधिक वाचायचे असेल तर मराठी विश्वकोशाच्या नोंदी महाजालावर मोफत आहेत, आणि शासनाचा रसायनशास्त्र परिभाषा कोशही पाहता येतो. या नोंदी परीक्षेसाठी लिहिलेल्या नाहीत आणि त्यांची परिभाषा शालेय पुस्तकांपेक्षा जरा वेगळी आहे; शाळेत आपण ‘अभिक्रिया’ म्हणतो, विश्वकोशात ‘विक्रिया’ आढळेल. पण एखादा विषय आपल्या भाषेत सलग, घाई न करता समजावून घेण्याचे समाधान तिथे मिळते. विद्युत् रसायनशास्त्राचे प्रकरण दोनदा वाचूनही घशाखाली उतरत नव्हते, तेव्हा आम्ही तिथे गेलो आणि मग पुस्तकाकडे परतलो.

प्रश्नपत्रिकेचा आराखडा समजून घेतल्यास ताण कमी होतो. ७० गुणांत १० बहुपर्यायी प्रश्न आणि ८ एकगुणी प्रश्न सक्तीचे. त्यापुढे दोन गुणांचे १२ पैकी ८, तीन गुणांचे १२ पैकी ८ आणि चार गुणांचे ५ पैकी ३. म्हणजे छापलेले प्रश्न ९८ गुणांचे असतात आणि त्यांतून निवड करायची असते. ही निवड उदार आहे, पण ज्याने एखादे प्रकरण संपूर्ण सोडून दिले त्याला ती वाटते तितकी वाचवत नाही, कारण सक्तीचे १८ गुण सर्व पुस्तकभर पसरलेले असतात. बहुपर्यायी प्रश्नात पर्यायाचे अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहावे लागते आणि पहिलाच प्रयत्न तपासला जातो. खाडाखोड करून दुसऱ्यांदा लिहिलेले बरोबर उत्तर वाया जाते. सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेचा विचार करणाऱ्यांना वेगळ्या पुस्तकाची गरज सुरुवातीला तरी नाही. तिथे रसायनशास्त्राचे ५० प्रश्न ५० गुणांना असतात, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, आणि सुमारे २० टक्के भाग अकरावीचा असतो. त्यामुळे अकरावीचे पुस्तक बारावीला जाताना रद्दीवाल्याला देऊ नये. वेग मात्र निराळा लागतो, आणि तो जानेवारीनंतर घड्याळ लावून सरावानेच येतो.

पुस्तक जुन्या बाजारातून घेणार असाल, तर एक खबरदारी घ्या. २०२० पूर्वीच्या अभ्यासक्रमाच्या पुस्तकातही सोळाच प्रकरणे होती आणि पुष्कळ प्रकरणांची नावेही तीच होती, त्यामुळे दुकानात उभ्या उभ्या चाळताना फरक ध्यानात येत नाही. आमच्या शेजारच्या मुलाने असे पुस्तक घेतले आणि आयनिक समतोल शोधत राहिला. अनुक्रमणिकेचे शेवटचे नाव वाचावे. सोळावे प्रकरण दैनंदिन जीवनातील रसायनशास्त्र असेल तर पुस्तक जुने आहे, आणि हरित व अब्जांश रसायनशास्त्र असेल तर सध्याचे. आधीच्या मालकाने चौकटींत पेन्सिलीने उत्तरे लिहिलेली प्रत मिळाली, तर उत्तरे आधी खोडरबराने पुसावीत आणि मगच पहिले पान उघडावे.